माउस ड्राफ्ट्समनला निवडू द्या

पणजीत, मडगावात किंवा म्हापशात कुठल्याही आर्किटेक्टच्या कचेरीत जा. पुढच्या खोलीत काचेच्या पेटीत एखाद्या बंगल्याचं मॉडेल असतं, भिंतीवर मानपत्रं असतात, आणि आतल्या खोलीत तीन-चार ड्राफ्ट्समन एका रांगेत बसलेले असतात. त्यांच्यासमोरचे स्क्रीन चांगले मोठे असतात. कॉम्प्युटरही बऱ्यापैकी ताकदीचे असतात, कारण मशीन अडकलं की काम अडकतं हे साहेबांना कळतं. आणि उजव्या हाताखाली? तिथे कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेला माउस असतो. नाहीतर स्टेशनरीच्या यादीत ए-फोर कागद आणि स्टेपलरच्या पिना यांच्या खाली "माउस, ५ नग" असं लिहून मागवलेला असतो.

त्या यादीतल्या त्या एका ओळीबद्दल माझी तक्रार आहे. ड्राफ्ट्समनचा माउस ही स्टेशनरी नव्हे, ते त्याचं हत्यार आहे. ते त्याने स्वतः निवडावं, स्वतःच्या हाताला लावून घ्यावं, आणि पैसे कचेरीने द्यावेत. एवढंच म्हणणं आहे, पण ते पटवायला जरा लांबून यावं लागेल.

मी तीस वर्षांहून अधिक काळ हेच काम करतो आहे. सुरुवात बोर्डावर झाली. तेव्हा कचेरीत बोर्ड आणि टी-स्क्वेअर कचेरीचे असत, पण पेनं ज्याची त्याची असत. रॉट्रिंगचं ०.२ चं पेन कुणी कुणाला देत नसे. देणाऱ्याला ते कंजूषपणाचं वाटत नसे आणि मागणाऱ्याला राग येत नसे. दुसऱ्याने जरा तिरकं धरलं, जरा दाबून ओढलं की त्या बारीक नळीच्या टोकाची चाल बिघडे, आणि मग ते पेन मूळ मालकाच्या हातातही नीट चालत नसे. ट्रेसिंगवर चुकलेली रेघ खरवडायचं ब्लेडसुद्धा प्रत्येकाचं वेगळं. कुणी अर्धं मोडून वापरी, कुणी अख्खं.

आमच्याकडच्या मेस्तांचंही तसंच. सुतारकाम करणारा मेस्त दुसऱ्याचा रंधा हातात घेताना आधी त्याचं पातं किती बाहेर आहे ते बोटाने चाचपतो, आणि बहुधा परत ठेवून देतो. पटाशीची मूठ तो स्वतः घडवतो. कुणी त्याला "ही घे कचेरीची पटाशी, सगळ्यांना एकसारखी दिली आहे" असं सांगून पाहावं!

कॉम्प्युटर आला आणि ही रीत आमच्या धंद्यातून गेली. का गेली याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, रेघ आता कॉम्प्युटर काढतो अशी सगळ्यांची समजूत झाली. पेनाच्या रेघेवरून ती कुणाची ते ओळखता येई. प्लॉटरमधून आलेली रेघ सगळ्यांची सारखीच. मग हातात काय आहे याने काय फरक पडतो? दसऱ्याच्या सुमारास कचेरीत खंडेनवमीची पूजा होते ना, तीच बघा. झेंडूची माळ मॉनिटरला, हळदकुंकू सीपीयूच्या डब्याला. माउस हार घालताना मध्ये येतो म्हणून बाजूला सरकवून ठेवलेला असतो. दिवसभर ज्याच्यावर हात असतो ते हत्यार पूजेतूनही वगळलेलं.

पहिला माउस लाकडाचा होता, हे माझ्या मेस्तमित्राला सांगितलं तेव्हा त्याला फार आनंद झाला. १९६४ साली कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी तो बनवला. लाकडाचा पोकळ ठोकळा, खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं, वर एक बटण. चार वर्षांनी, ९ डिसेंबर १९६८ रोजी, एंगलबार्टनी तो सॅन फ्रान्सिस्कोत लोकांसमोर चालवून दाखवला, तोवर त्याला तीन बटणं झाली होती. म्हणजे हाताला काय लागेल याचा विचार अगदी सुरुवातीपासून होत होता.

आमच्या धंद्यात मात्र माउसच्या आधी काही कचेऱ्यांत डिजिटायझर आला होता. मोठी सपाट पाटी, आणि तिच्यावर सरकवायचा एक पक. पकच्या टोकाला भिंग, भिंगात फुलीच्या दोन बारीक रेघा, अंगावर चार-बारा-सोळा बटणं. ती बटणं आपल्याला हवी त्या कमांडला जोडता येत. पाटीवर जिथे हात, तिथेच नकाशावर बिंदू. कागदाची सवय असलेल्याला ते लगेच जमे. माउसचं तसं नाही. तो फक्त किती सरकला ते सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. टेबलाच्या कडेला पोचलात की उचलून पुन्हा मध्ये आणावा लागतो. स्वस्त आणि लहान म्हणून माउस जिंकला. पण सोळा बटणांचा पक ज्यांनी हाताळला त्यांना दोन बटणांच्या माउसवर यावं लागलं तेव्हा किती चुकल्यासारखं झालं, ते त्यांनाच विचारा.

आता जरा हिशेब मांडू. समजा, मिनिटाला १५ क्लिक आणि दिवसाकाठी खऱ्या कामाचे ७ तास. दिवसाला ६,३०० झाले. महिन्याचे २५ दिवस धरले तर दीड लाखाच्या वर. जुन्या घराची मोजमापं घेऊन आलात आणि बाल्कांवच्या खांबांचे गोलवे, छपराखालच्या लाकडी पट्टीचं नक्षीकाम काढायला बसलात, किंवा सर्व्हेच्या नकाशावरून डोंगराच्या समोच्च रेषा गिरवायला घेतल्यात, तर मिनिटाला पंधरा हा आकडाही कमीच आहे. ई-मेल वाचणाऱ्याचा माउस आणि हा माउस एक कसा असेल?

त्यातही क्लिकपेक्षा मला काळजी आहे ती मधल्या बटणाची. ऑटोकॅडमध्ये चाक फिरवलं की नकाशा जवळ-लांब होतो, आणि चाक दाबून धरून माउस सरकवला की नकाशा सरकतो. ड्राफ्ट्समन दिवसभर हेच करतो. रेघा तो अधूनमधून काढतो, नकाशा मात्र सतत सरकवत असतो. आणि नेमकं हेच बटण स्वस्त माउसमध्ये सर्वांत वाईट असतं, कारण बाकीच्या जगाला ते क्वचितच लागतं. दाबायला कडक. दाबताना चाक अर्धा दात फिरतं आणि नकाशा उडी मारतो. ज्यांचं चाक डावी-उजवीकडेही कलतं अशा माउसांत तर दाबताना ते हमखास कलतं. चाक मोकळं गरगर फिरणारे महागडे माउस निघाले आहेत. लांबलचक कागदपत्र वाचायला ते उत्तम, पण नकाशात एका झटक्यात तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीवरून थेट तालुक्यावर जाता.

म्हणून दुकानात माउस बघताना मी पहिली परीक्षा घेतो ती चाकाची. चाक दाबून धरायचं आणि तसंच धरून माउस काउंटरवर गोल फिरवायचा, वीसेक वेळा. बोटाच्या पेराला ताण जाणवला, चाक घसरलं, की तो परत. आपल्याकडचे दुकानदार प्लास्टिकची बंद पाकिटं फोडू देत नाहीत ही खरी अडचण आहे. त्यावर माझा उपाय म्हणजे ओळखीच्या कचेऱ्यांत जाऊन दुसऱ्याच्या माउसवर पाच मिनिटं बसायचं. मधल्या बटणाचं दुखणं ओळखून थ्रीडीकनेक्शन या कंपनीने २०१५ साली कॅडमाउस काढला. त्यात चाक वेगळं आणि मधलं बटण वेगळं, डाव्या-उजव्या बटणांएवढंच मोठं. कल्पना अगदी योग्य. किंमत मात्र अशी की आपल्याकडचा ड्राफ्ट्समन स्वतःच्या खिशातून घेणार नाही. मी स्वतः साधा, वायरचा, अंगठ्यापाशी दोन जादा बटणं असलेला माउस वापरतो. वायरलेसबद्दल राग नाही, पण आत सेल असला की वजन वाढतं, आणि दिवसभर उचलून ठेवण्यात ते वजन मोजलं जातं.

जाहिरातींत एक आकडा मोठ्या अक्षरांत असतो: डीपीआय. ८,०००, १६,०००, २५,०००. तरुण मुलं त्याला भुलतात. ड्राफ्टिंगमध्ये अचूकपणा माउसमधून येत नाही, हे एकदा नीट समजून घ्यावं. तो ऑब्जेक्ट स्नॅपमधून येतो आणि टाइप केलेल्या आकड्यातून येतो. भिंत २३० मिलिमीटरची असेल तर ती "२३०" लिहून होते, हात स्थिर ठेवून होत नाही. स्नॅप कोपऱ्याला पकडतो. माउसने फक्त कोपऱ्याच्या आसपास पोचायचं. त्याला हजार-बाराशे डीपीआय पुरे. तो आकडा खेळणाऱ्यांसाठी आहे. मात्र खेळणाऱ्यांच्या माउसला बटणं चांगली आणि टिकाऊ असतात, म्हणून ते घ्यायला हरकत नाही. फक्त ते लाल-हिरवे दिवे बंद करता आले पाहिजेत.

आपल्या हवेचा विचार तर कुठल्याच पाकिटावर नसतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की गोव्यात पुस्तकांना बुरशी येते, पापड सादळतात, चपलांवर हिरवट थर बसतो. ज्या माउसवर मऊ, मखमली रबरासारखा लेप असतो, तो एकदोन पावसाळ्यांत चिकट होतो. दुकानात तोच लेप हाताला सर्वांत छान लागतो, आणि तिसऱ्या वर्षी तोच गुळाच्या ढेपेसारखा. दमट हवेत त्या लेपाचं विघटन होतं. पुसून फायदा नसतो, स्पिरिटने तो पूर्ण खरवडून काढावा लागतो. म्हणून इकडच्या माणसाने सरळ कडक, खरखरीत प्लास्टिकचा माउस घ्यावा. कापडी मॅटही पावसाळ्यात ओलसर वास धरते. ती धुऊन पंख्याखाली वाळवावी, नाहीतर कडक मॅट आणावी. काचेच्या टेबलावर साधा ऑप्टिकल माउस चालतच नाही, तरी साहेबांना काचेची टेबलं आवडतात. असो.

हवेचा आणि वापराचा दुसरा परिणाम बटणातल्या स्विचवर होतो. आतली पत्र्याची बारीक पट्टी थकते, गंजते, आणि एकदा दाबलं तरी दोनदा दाबल्यासारखं होतं. घरी वापरणाऱ्याला हा किरकोळ त्रास. आमच्याकडे पॉलीलाइन काढताना एकाच जागी दोन बिंदू पडतात, डोळ्याला दिसत नाहीत, आणि पुढे कधीतरी नडतात. मधल्या बटणाचा स्विच असा झाला तर आणखी मजा: चाकावर डबल-क्लिक म्हणजे अख्खा नकाशा स्क्रीनवर मावेल असा दाखवणं. म्हणजे तुम्ही जिन्याच्या पायरीचा तपशील सरकवत असता आणि अचानक सगळा प्लॉट समोर येतो. असा माउस दिवसात दहादा शिव्या खातो, पण "चालतोय ना अजून?" म्हणून बदलला जात नाही.

निवड झाली की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे तो लावून घेणं, आणि हे फारच थोडे लोक करतात. विंडोजमध्ये माउसच्या सेटिंगमध्ये "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" नावाची खूण असते. नाव फसवं आहे. ती असली की हात जोरात हलवला तर बाण जास्त पळतो, हळू हलवला तर कमी. एकाच अंतराला हाताची दोन मापं. ती काढून टाका. दोन दिवस विचित्र वाटेल, मग हाताला अंतर कळू लागेल.

मधलं बटण दाबल्यावर नकाशा सरकण्याऐवजी स्नॅपची यादी उघडू लागली की पोरं घाबरून सॉफ्टवेअर पुन्हा टाकतात. त्याची गरज नाही. "एमबटनपॅन" ही कमांड लिहून तिला १ द्यायचा, संपलं. चाक एका दातात किती जवळ नेतं ते "झूमफॅक्टर" ठरवतो. मुळात तो ६० असतो. मला ४० बरा वाटतो.

उजव्या बटणाचं खरं मोल जुन्या लोकांना माहीत आहे. ते एंटर म्हणून वापरायचं. ऑप्शन्समध्ये यूजर प्रेफरन्सेसखाली राइट-क्लिक कस्टमायझेशन आहे. तिथे वेळेवर चालणारं राइट-क्लिक निवडलं की चटकन दाबलं तर एंटर, पाव सेकंदाहून जास्त दाबून धरलं तर मेनू. दोन्ही मिळतात. दिवसातून हजारभर वेळा एंटरकडे जाणारा हात तिथेच थांबतो.

माझा नियम असा की उजवा हात माउसवरून उठता कामा नये. मग कीबोर्डच्या उजव्या अर्ध्यावरच्या कळांचं काय? काही माउसच्या अंगठ्यावर आणायच्या. माझ्या एका जादा बटणावर डिलीट आहे आणि दुसऱ्यावर एफ-आठ, म्हणजे ऑर्थो. एस्केप मी तिथे ठेवत नाही, तो डाव्या करंगळीला सापडतोच. बाकीच्या कमांडचं नाव बदलून त्या डाव्या हाताखाली आणायच्या. एसीएडी.पीजीपी नावाची साधी मजकुराची फाइल असते, तिच्यात प्रत्येक कमांडचं लघुरूप लिहिलेलं असतं. मुळात "ए" म्हणजे चाप आणि "एल" म्हणजे रेघ. चाप मी दिवसातून दोन-चारदा काढतो, रेघ दोनशे वेळा. मग डाव्या करंगळीखालचं अक्षर चापाला कशासाठी? माझ्याकडे "ए" म्हणजे रेघ. "एम" गेलं, "व्ही" म्हणजे मूव्ह. "सी" म्हणजे कॉपी, वर्तुळाला दोनदा "सी". एक दुपार घालवून ही फाइल लिहिली आणि मग वर्षानुवर्षं तिच्यावर जगलो.

राहिले आकडे. त्यासाठी वेगळा नंबर-पॅड मिळतो. तो कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवायचा, आणि कीबोर्ड उजवीकडे आकडे नसलेला, आखूड घ्यायचा. याचा आणखी एक लाभ कुणी सांगत नाही. लांब कीबोर्डमुळे माउस वीतभर उजवीकडे ढकलला जातो, खांदा दिवसभर बाहेर ताणलेला राहतो. आखूड कीबोर्डने माउस शरीराजवळ येतो. डावखुऱ्यांचं गणित उलटं आहे, आणि वळणदार, फक्त उजव्या तळव्यासाठी घडवलेले माउस त्यांच्या कामाचे नाहीत. डावखुऱ्या ड्राफ्ट्समनला "५ नग"च्या यादीतून तसाच एक देणारी कचेरी मी पाहिली आहे. तो मुकाट उजव्या हाताने काम करायला शिकला.

साहेब लोकांचं यावर एक म्हणणं असतं: कोण कधी कुठल्या मशीनवर बसेल सांगता येत नाही, म्हणून सगळं एकसारखं असलेलं बरं. बोर्डाच्या काळात बोर्ड बदलले तरी प्रत्येकजण आपली पेनं घेऊन जाई, तेव्हा कुणाचं काही अडलं नाही. आजही माउसची वायर काढून दुसरीकडे लावायला अर्धं मिनिट लागतं, आणि ती पीजीपीची फाइल व ऑटोकॅडची प्रोफाइल पेन-ड्राइव्हवर सहज मावते. नवीन सॉफ्टवेअर आलं की हे सगळं फुकट जाईल, असंही काही म्हणतात. रेव्हिट आलं, तिथेही मधलं बटणच दाबून नकाशा सरकवतात.

आणि हे काही केवळ सोयीचं बोलणं नाही. चाळिशीतले ड्राफ्ट्समन मनगटाला क्रेप बँडेज बांधून बसलेले मी एकापेक्षा जास्त कचेऱ्यांत पाहिले आहेत. सगळा दोष माउसवर टाकू नये. खुर्ची, टेबलाची उंची, न उठता बसणं, सगळं त्यात येतं. पण आपल्याकडे पुष्कळ मुलं नकाशामागे ठरलेल्या पैशावर काम करतात. त्यांना आजारपणाची रजा नसते. हात दुखला की त्या महिन्याची मिळकतच दुखते, आणि आयटीआयमधून दोन वर्षं शिकून आलेल्या त्या मुलाकडे हाताखेरीज दुसरं भांडवल नसतं.

तेव्हा कचेऱ्यांना माझी सूचना अशी. स्टेशनरीच्या यादीतून माउस काढून टाका. दर ड्राफ्ट्समनमागे वर्षाला हजार-दीड हजार रुपये बाजूला ठेवा आणि त्याला सांगा, जा, हात लावून बघ आणि आण. एसीच्या एका सर्व्हिसिंगपेक्षा ते फारसे जास्त नाहीत. नोकरी सोडताना तो माउस त्याला घेऊन जाऊ द्या. सॉफ्टवेअर टाकायची परवानगी फक्त कॉम्प्युटरवाल्याकडे असेल तर त्या दिवशी त्याला अर्धा तास शेजारी बसवा, म्हणजे अंगठ्याची बटणं लावून होतील. आणि पहिला माउस आवडला नाही, तर पहिल्या महिन्यात एकदा बदलू द्या. चप्पलसुद्धा आपण दुकानात चार पावलं चालून घेतो.